घराबाहेर काढलेल्या लेकीचा निवारा

वडील वारले कीं दिवसवार आटोपल्यावर महिना-पंधरा दिवसांत सातबारावर वारसांचीं नांवें लावण्याची गोष्ट निघते. मुलग्यांचीं नांवें लागतात, आईचें नांव लागतें, आणि बहिणींस दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नेऊन त्यांच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतलें जातें. बहिणी सही करितात. बहुतेकजणी राजीखुषीनें करितात. भावाशीं वाकडें येऊं नये, दिवाळीला बोलावणें यावें, अडीअडचणीला माहेरचें दार उघडें असावें, एवढाच त्यांचा हिशेब असतो. त्या दिवशीं साडीचोळी होते, आणि सर्वांस समाधान वाटतें. या सहीची खरी किंमत पुढें दहा-पंधरा वर्षांनीं कळते, व जिचा संसार सुखाचा झाला तिला ती कधींच कळत नाहीं. जिला नवरा मारतो, जिला सासरच्यांनीं रात्रीं अंगणांत उभी करून आंतून कडी लावली, ती पोरें घेऊन माहेरीं येते. भाऊ चार दिवस कांहीं बोलत नाहीं, भावजय आठ दिवस कांहीं बोलत नाहीं, आणि महिनाभरानें गोठ्याशेजारच्या खोलींत तिची चूल वेगळी होते.

शहरांत बेघर झालेली बाई स्टेशनच्या फलाटावर, देवळाच्या पायरीवर किंवा पदपथावर दिसते. खेड्यांतील बेघर बाई कोणाच्या डोळ्यांवर येत नाहीं. ती भावाच्या पडवींत असते, मावशीच्या मळ्यांत राखणीला असते, ऊसतोडीच्या टोळीबरोबर कोपींत असते. तिला घर नाहीं असें कोणी म्हणत नाहीं; ‘नवऱ्यानें टाकली’ एवढेंच म्हणतात, आणि हें टाकणें म्हणजे गारपिटीसारखा दैवाचाच एखादा तडाखा, असें समजून लोक आपल्या कामास लागतात. १९८८ सालीं संगमनेर येथें अशा परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरली, तेव्हां या प्रश्नाची महाराष्ट्रांत जाहीर चर्चा झाली. परंतु चर्चा झाली म्हणून गांवोगांवचीं दारें उघडलीं असें म्हणवत नाहीं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरींत असें आढळलें कीं, देशांतील १८ ते ४९ वर्षांच्या विवाहित स्त्रियांपैकीं शेंकडा २९ जणींनीं नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. महाराष्ट्रांत हें प्रमाण सुमारें चारांत एक पडतें. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकीं शेंकडा ७७ जणींनीं ती गोष्ट कोणास सांगितली नव्हती व कोणाची मदतही मागितली नव्हती. मदत मागणाऱ्या शेंकडा १४. त्यांतही पोलिसांकडे गेलेल्या फारच थोड्या. बहुतेकींनीं मदत मागितली ती आपल्या माहेरच्या माणसांकडे. तेव्हां सरकारनें कितीही कचेऱ्या उघडल्या तरी अशा स्त्रीची पहिली कचेरी म्हणजे भावाचें घर हीच आहे. तेथें तिला काय सल्ला मिळतो यावर पुढचें सारें अवलंबून असतें, आणि तो सल्ला देणारे आपणच असल्यामुळें सरकारची या बाबतींतील व्यवस्था काय आहे, ती कोठें उपयोगी पडते व कोठें उणी पडते, हें आपणांस ठाऊक असणें अवश्य आहे. शिवाय आपल्यापैकीं पुष्कळजण एकाच वेळीं एका मुलीचे बाप व दुसऱ्या मुलीचे सासरे असतात, ही गोष्ट हा लेख वाचतांना ध्यानांत ठेवावी.

राहत्या घराचा हक्क

आश्रम व वसतिगृहें यांच्या आधीं कायदा तिच्या राहत्या घराचाच विचार करितो, हें पुष्कळांस माहीत नसतें. पत्नीस क्रूरतेनें वागविणें हा फौजदारी गुन्हा १९८३ सालींच ठरला; पूर्वीचें ४९८-अ कलम तें हेंच, व १ जुलै २०२४ पासून लागूं झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तें ८५ वें कलम झालें आहे. पण त्या कलमानें नवऱ्यास शिक्षा झाली तरी बाईला रात्रीं पाठ टेकण्यास जागा मिळत नाहीं. उलट शिक्षेच्या भयानें सासरचें दार अधिकच घट्ट लागतें. ही उणीव भरून काढण्यासाठीं मध्यवर्ती सरकारनें २००५ सालीं कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचें संरक्षण करणारा कायदा केला व तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आला.

या कायद्याचें १७ वें कलम म्हणजे त्याचा कणाच होय. ज्या सामाईक घरांत स्त्री नात्यानें राहते किंवा राहिली आहे, तेथें राहण्याचा तिला हक्क आहे, मग घराच्या उताऱ्यावर तिचें नांव असो वा नसो. आणि कायदेशीर मार्गावांचून तिला तेथून बाहेर काढतां येत नाहीं. हा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांस लागूं आहे, व तो केवळ पत्नीपुरता नाहीं. आई, बहीण, मुलगी, विधवा सून, विधवा भावजय, कोणीही त्याचा आधार घेऊं शकते. हिंसाचार म्हणजे केवळ मारहाण, असेंही नाहीं. मूल होत नाहीं किंवा मुलगा होत नाहीं म्हणून टोंचून बोलणें, खर्चाला पैसे न देणें, तिचें स्त्रीधन मोडून खाणें, घरांतील वापराच्या वस्तूंस हात लावूं न देणें, हीं सर्व त्यांत येतात.

मॅजिस्ट्रेट १९ व्या कलमाखालीं हुकूम करूं शकतो कीं, बाईला घराबाहेर काढूं नये. तिच्या वांट्याच्या खोलींत सासरच्यांनीं शिरूं नये. मारहाण करणाऱ्या पुरुषानेंच घर सोडून जावें (घर सोडण्याचा हुकूम स्त्री नातलगास मात्र करतां येत नाहीं). घर विकूं अथवा त्यावर बोजा चढवूं नये. किंवा त्याच दर्जाची दुसरी जागा पाहून द्यावी अगर तिचें भाडें भरावें. शेतकरी घराण्यांत यांतील विक्रीच्या मनाईकडे विशेष लक्ष द्यावें लागतें. बायको तक्रार करणार असा सुगावा लागतांच जमीन भावाच्या किंवा आईच्या नांवें करून ‘माझ्यापाशीं कांहींच नाहीं’ असें सांगण्याची युक्ति जुनी आहे. १८ व्या कलमाखालीं मालमत्तेची विल्हेवाट लावण्यास व बँकेंतील खातें रिकामें करण्यास मनाई करतां येते. परंतु ती अर्जांत पहिल्याच दिवशीं मागितली पाहिजे. हुकुमाआधीं खरेदीखत होऊन फेरफार मंजूर झाला, तर तो उलटविण्यासाठीं दिवाणी कोर्टांत वर्षें मोजावीं लागतात.

घर सासऱ्याच्या नांवें असल्यास काय, हा वाद पुष्कळ दिवस चालला. २००६ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला होता कीं, घर नवऱ्याच्या मालकीचें किंवा भाड्याचें, अगर तो ज्या एकत्र कुटुंबाचा घटक आहे त्या कुटुंबाचें असेल तरच सुनेचा हक्क चालेल. सासू-सासऱ्यांच्या स्वतःच्या घरावर नाहीं. या निर्णयाचा फायदा घेऊन चौदा वर्षें कित्येक सुना घराबाहेर राहिल्या. १५ ऑक्टोबर २०२० रोजीं तीन न्यायमूर्तींच्या पीठानें तो निर्णय चुकीचा ठरविला. सून ज्या घरांत कायमच्या वास्तव्यानें राहिली तें घर सासऱ्याच्या नांवें असलें तरी तें सामाईक घरच होय, असें ठरलें. त्यापूर्वीं २०१६ सालीं, तक्रार केवळ प्रौढ पुरुषांविरुद्ध करतां येईल ही कायद्यांतील मर्यादा न्यायालयानें काढून टाकली होती. आणि २०२२ च्या मे महिन्यांत विधवेसंबंधीं असें ठरलें कीं, सासरच्या सामाईक घरांत ती प्रत्यक्ष राहत नसली तरी तिचा राहण्याचा हक्क जात नाहीं.

येथें सासऱ्यांच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीं तर विनाकारण घबराट होईल. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाहीं. सुनेस घरांत राहूं दिल्यानें घर तिच्या नांवें होत नाहीं, व म्हाताऱ्या माणसांच्या स्वास्थ्याचाही विचार न्यायालय करितें. म्हणून तर दुसरी जागा पाहून देण्याची सोय कायद्यांत ठेविली आहे. सुनेला रस्त्यावर काढणें आणि तिच्या नांवें इस्टेट लिहून देणें यांच्या मधली वाट कायद्यानें दाखविली आहे, ती पत्करण्यांत कोणाचेंही नुकसान नाहीं.

अर्ज कोठें व कसा

अर्ज सासरच्याच तालुक्यांत करावा लागतो अशी सार्वत्रिक समजूत आहे, व तिच्यामुळें पुष्कळ बाया मुकाट बसतात. ती समजूत खोटी आहे. २७ व्या कलमाप्रमाणें बाई जेथें राहते, मग तें राहणें तात्पुरतें कां असेना, तेथील मॅजिस्ट्रेटपुढें अर्ज चालतो. म्हणजे बीडकडे दिलेली मुलगी साताऱ्यास माहेरीं आली तर अर्ज साताऱ्यास होऊं शकतो. तिनें स्वतः अर्ज करावा किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अगर दुसऱ्या कोणामार्फत करावा. वकिलाची फी परवडत नाहीं ही अडचणही खरी नव्हे. विधि सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याप्रमाणें स्त्रीस, तिचें उत्पन्न कितीही असलें तरी, सरकारी खर्चानें वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टांत विधि सेवा समितीची कचेरी असते तेथें विचारावें.

संरक्षण अधिकारी हा महिला व बाल विकास खात्याचा नेमलेला माणूस. बाईची हकीकत लिहून घेणें, ती मॅजिस्ट्रेटकडे व पोलीस ठाण्याकडे पाठविणें, दुखापत असल्यास दवाखान्यांत तपासणी करविणें, वकील मिळवून देणें आणि तिनें मागितल्यास सुरक्षित निवाऱ्यांत तिची सोय लावणें, हीं त्याचीं कायद्यानें ठरविलेलीं कामें आहेत. गांवच्या दृष्टीनें ४ थें कलम फार उपयोगाचें आहे. एखाद्या घरांत असा प्रकार घडला आहे, घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे असें ज्यास प्रामाणिकपणें वाटतें त्या कोणीही ही माहिती संरक्षण अधिकाऱ्यास द्यावी. सद्भावनेनें माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाहीं. शेजाऱ्याच्या घरांतील भांडण म्हणून कानांवर हात ठेवणाऱ्यांस आतां कायद्याचें निमित्त पुढें करतां येणार नाहीं. पोलीस पाटील व सरपंच यांनीं तर हें कलम पाठच करावें.

अर्ज आल्यावर साधारणपणें तीन दिवसांच्या आंत पहिली तारीख द्यावी, व पहिल्या तारखेपासून साठ दिवसांत अर्ज निकालांत काढण्याचा प्रयत्न करावा, असें कायदा म्हणतो. तातडी असल्यास दुसऱ्या बाजूचें ऐकण्याआधीं एकतर्फी हुकूमही देतां येतो. संरक्षणाचा हुकूम मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्हीं शिक्षा होतात, व हा गुन्हा बिनजामिनाचा आहे. पोटगी, औषधपाण्याचा खर्च, नुकसानभरपाई, मुलांचा तात्पुरता ताबा, स्त्रीधनाची परतफेड, हीं सर्व याच अर्जांत मागतां येतात.

घर सोडतांना बाईच्या हातीं कागद नसतात, आणि पुढें प्रत्येक कचेरींत कागदच विचारले जातात. म्हणून माहेरच्यांनीं पहिल्या आठवड्यांत लग्नाची पत्रिका व फोटो, शिधापत्रिकेची नक्कल, मुलांचे शाळेचे दाखले, सासरच्या सातबाराचा व घराचा उतारा गोळा करून ठेवावा. सातबारा कोणासही मिळतो, त्यासाठीं सासरच्यांची परवानगी लागत नाहीं. मार लागला असेल तर गांवच्या डॉक्टराकडून मलमपट्टी करून न थांबतां सरकारी दवाखान्यांत जाऊन केसपेपर काढावा. पुढें दोन वर्षांनीं तोंडी साक्ष जेवढी उपयोगी पडत नाहीं तेवढी ती चिठ्ठी पडते.

एवढें सर्व कागदावर उत्तम आहे. प्रत्यक्षांत साठ दिवसांचे महिने व महिन्यांचीं वर्षें होतात. त्याचें एक कारण असें कीं, महाराष्ट्रासह अनेक राज्यांत प्रारंभीं तहसीलदार, गटविकास अधिकारी अशा आधींच कामाखालीं दबलेल्या अंमलदारांच्या गळ्यांत संरक्षण अधिकाऱ्याचें काम घालण्यांत आलें. पीकपाणी, निवडणूक, टंचाई, पंचनामे यांतून सवड झाली तर रडणारी बाई! पुढें स्वतंत्र माणसें नेमण्यास सुरुवात झाली, तरी देशभर उणीव राहिलीच, आणि कायदा होऊन वीस वर्षें होत आल्यावर २० मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयास सर्व राज्यांस आज्ञा करावी लागली कीं, महिला व बाल विकास खात्यांतील जिल्हा व तालुका पातळीवरील अंमलदारांस सहा आठवड्यांत संरक्षण अधिकारी म्हणून नेमावें. आपल्या तालुक्यास कोण नेमला गेला आहे हें ग्रामसभेनें एका ठरावानें विचारून घ्यावें, व त्याचें नांव चावडीवर लिहावें.

सरकारी निवाऱ्याच्या जागा

सासरीं परत जाणें जिवावरचें असेल व माहेर नसेल, तर मग निवारागृह. या प्रांतास ही कल्पना नवी नाहीं. जोतीराव फुले यांनीं पुण्यास १८६३ सालीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस शारदासदन उघडलें, धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रमाचा पाया घातला. हीं सर्व लोकांनीं चालविलेलीं कामें. सरकार या वाटेनें पुष्कळ मागाहून आलें. १९६९ पासून अल्पमुदतीच्या वसतिगृहांस मध्यवर्ती मदत मिळूं लागली, २००१-०२ मध्यें ‘स्वाधार’ योजना निघाली, नंतर या दोहोंचें एक ‘स्वाधार गृह’ झालें, आणि २०२२ मध्यें ‘मिशन शक्ति’खालीं त्याचें नांव ‘शक्ति सदन’ पडलें. नांवें बदलण्याची सरकारास हौस असते. बाईनें कोणत्याही नांवाची पाटी पाहिली तरी आंत जाऊन विचारावें. राज्य सरकारचीं महिला राज्यगृहें याहून वेगळीं आहेत. या ठिकाणीं राहणें, जेवण, औषध, सल्ला व कांहीं कामाचें शिक्षण मिळतें.

रात्रीं-अपरात्रीं बाहेर पडावें लागलें तर १ एप्रिल २०१५ पासून सुरू झालेलीं ‘सखी’ केंद्रें आहेत. एकाच छपराखालीं पोलीस, वैद्यकीय मदत, वकील व समुपदेशन मिळावें या हेतूनें तीं जिल्ह्याच्या ठिकाणीं काढलीं आहेत, व तेथें बाईस पांच दिवसांपर्यंत राहतां येतें. टेलिफोनचा क्रमांक १८१ हा स्त्रियांसाठींच आहे. जिवाचें भय असेल तर ११२ वर पोलीस बोलवावे. याशिवाय पोलिसांच्या जागेंत बसून बायांचीं गाऱ्हाणीं ऐकणारे समाजकार्यकर्त्यांचे विशेष कक्ष आहेत. त्यांतील पहिला मुंबईच्या पोलीस आयुक्तांच्या कचेरींत १९८४ सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेनें उघडला, आणि पुढें महाराष्ट्र सरकारनें ती पद्धति आपलीशी केली.

या व्यवस्थेंत खेड्यांतील बाईच्या दृष्टीनें दोन उणिवा मोठ्या आहेत. एक अंतर. केंद्र जिल्ह्यास, आणि हिला मार बसतो रात्रीं दहाला, शेवटची एस. टी. गेल्यावर. रात्र काढण्यापुरती जागा गांवांतच हवी, आणि ती ग्रामपंचायत किंवा एखादें भलें घरच देऊं शकतें. दुसरी अडचण मुलांची. मोठ्या वयाच्या मुलग्यास तेथें आईबरोबर ठेवतां येत नाहीं. थोरला चौदा वर्षांचा असला तर आई त्याला बापापाशीं सोडून येण्यास तयार होत नाहीं, आणि मग तीही येत नाहीं. योजना आखणाऱ्यांनीं हा विचार करावयास पाहिजे होता.

निवाऱ्याबरोबर रोजचा खर्च येतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेंत निराधार विधवा, घटस्फोट होऊनही पोटगी न मिळालेल्या व अत्याचारपीडित स्त्रिया यांचा समावेश आहे. २०२३ सालीं हें अनुदान दरमहा १५०० रुपये करण्यांत आलें. अर्ज तहसील कचेरींत करावा लागतो व उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो. तो दाखला देतांना तलाठी भावाचेंच उत्पन्न तिच्या माथीं लावतो, आणि भावाची बागाईत असल्यामुळें निराधार बहीण कागदोपत्रीं सधन ठरते! तेव्हां ती विभक्त राहत असल्यास तिची शिधापत्रिका आधीं वेगळी करून घ्यावी.

सातबारावरील नांव

इतकी वसतिगृहें, केंद्रें व कचेऱ्या असूनही आमचें मत असें आहे कीं, शेतकरी घरांतील स्त्रीचा खरा निवारा सरकारच्या हातीं नसून आपल्याच दप्तरांत आहे. यास पुरावाही आहे. केरळांत तिरुवनंतपुरम् जिल्ह्यांत प्रदीप पांडा व बीना अगरवाल यांनीं विवाहित स्त्रियांची पाहणी करून २००५ सालीं ती प्रसिद्ध केली. ज्या स्त्रियांच्या नांवें जमीन नाहीं व घरही नाहीं त्यांच्यापैकीं शेंकडा ४९ जणींनीं नवऱ्याची दीर्घकाळ मारहाण सोसली होती. ज्यांच्या नांवें केवळ जमीन होती त्यांच्यांत हें प्रमाण शेंकडा १८, केवळ घर होतें त्यांच्यांत १०, आणि दोन्हीं असणाऱ्यांत अवघें ७ होतें. एका जिल्ह्यावरून सर्व देशाचा हिशेब करूं नये हें खरें. तथापि जिला जाण्यास जागा आहे तिच्यावर हात उचलण्याआधीं माणूस विचार करितो, हें समजण्यास केरळापर्यंत जाण्याचीही गरज नाहीं.

आतां आपल्याकडील स्थिति पहा. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें देशांतील वहितीच्या खात्यांपैकीं स्त्रियांचीं खातीं सुमारें शेंकडा १४ होतीं. निंदणी, खुरपणी, कापूस वेंचणी, भाताची लावणी कोण करितें हें येथें सांगत बसत नाहीं. कायदा तर केव्हांच बदलला आहे. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतींत मुलगा, मुलगी, विधवा व आई यांस सारखा वांटा १९५६ पासूनच आहे. वडिलोपार्जित मिळकतींत महाराष्ट्रानें १९९४ सालीं, तोंवर अविवाहित असलेल्या मुलींस मुलग्यासारखा जन्मसिद्ध हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून मध्यवर्ती कायद्यानें तो सर्व मुलींस मिळाला, आणि त्या दिवशीं वडील हयात असले पाहिजेत अशी अट नाहीं, हें ११ ऑगस्ट २०२० च्या निकालानें स्पष्ट झालें. (हा कायदा हिंदु, बौद्ध, जैन व शीख यांचा, अनुसूचित जमातींस तो लागूं नाहीं.) त्याच २००५ च्या दुरुस्तीनें २३ वें कलम गेलें. त्या कलमाप्रमाणें भावांनीं वांटणी केल्यावांचून बहिणीस राहत्या घराची वांटणी मागतां येत नसे.

याविरुद्ध आपल्यांत नेहमीं केला जाणारा आक्षेप असा कीं, मुलींस वांटे दिले तर जमिनीचे तुकडे होतील. हा आक्षेप चार मुलगे असणारा बाप करितो तेव्हां नवल वाटतें; चार मुलग्यांनीं होतात ते तुकडे नव्हेत काय? सातबारावर नांव लावणें व सरसनिरस पाहून बांध घालणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वारस म्हणून बहिणीचें नांव सामाईक राहूं द्यावें, जमीन भावानें एकत्र कसावी, व दरसाल खर्च वजा जातां उत्पन्नाचा हिशेब करावा. अशानें विहीर, बैल व पाइपलाइन अखंड राहतात आणि बहिणीचा आधारही राहतो. दुसरा आक्षेप जांवयाचा: बहिणीचें नांव लागलें कीं तो विक्रीचा तगादा लावील. ही भीति अगदीं निराधार नाहीं. परंतु तिच्यावर तोड म्हणून बहिणीचा हक्क मुळांतूनच काढून घेणें म्हणजे उंदीर लागतात म्हणून कणगीच जाळण्यासारखें आहे.

हक्कसोडपत्रासंबंधीं एवढें ध्यानांत असावें कीं, साध्या कागदावर किंवा तलाठ्यापुढें जबानी देऊन हक्क सुटत नाहीं. नोंदणी झालेलाच दस्त लागतो. आणि ज्या बहिणीच्या संसारांत कुरबूर आहे असें घरांत कुजबुजलें जात आहे, तिची सही तर त्या वर्षीं मुळींच घेऊं नये.

शेतकऱ्यांच्या संघटनांनीं या कामीं कांहीं केलें नाहीं असें नाहीं. १९८६ सालीं चांदवड येथें शेतकरी संघटनेचें महिला अधिवेशन भरलें, व पुढें शरद जोशी यांनीं ‘लक्ष्मीमुक्ति’ची चळवळ काढली. पुरुषांनीं आपखुषीनें जमिनीचा कांहीं भाग पत्नीच्या नांवें करावा, आणि शंभर किंवा अधिक कुटुंबांनीं असें केलें त्या गांवास लक्ष्मीमुक्त गांव म्हणावें, असा तो कार्यक्रम होता. कित्येक गांवांनीं तो पुरा केला. सरकारी ठरावावांचून शेतकऱ्यांनीं स्वतः असें केलें ही अभिमानाची गोष्ट असून ती आपण इतक्या लवकर विसरलों याचें वाईट वाटतें. सरकारनेंही २००३ सालीं ‘घर दोघांचें’ असा ठराव काढून ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्यें घराची नोंद पति-पत्नी दोघांच्या नांवें करण्यास सांगितलें. आपल्या घराचा उतारा काढून त्यावर एक नांव आहे कीं दोन, हें वाचकांनीं पहावें. ही नोंद म्हणजे मालकीचें खरेदीखत नव्हे. परंतु बाई या घरांत राहते याचा तो सरकारी पुरावा होतो, व वर सांगितलेल्या अर्जांत तो पहिल्याच तारखेस कामीं येतो.

ज्यांस मुलीसाठीं हयातींतच कांहीं करून ठेवावयाचें आहे त्यांनीं शेताच्या तुकड्यापेक्षां गांवठाणांतील एखाद्या खोलीचा विचार आधीं करावा. शेतजमिनीचा प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकडा वेगळा करून देण्यास १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा आड येतो. गांवठाणांतील घरास ती अडचण नाहीं. पत्नी, मुलें व नातवंडें यांस राहतें घर किंवा शेतजमीन बक्षीस देतांना महाराष्ट्रांत मुद्रांकशुल्क नाममात्र आहे. दस्तांत आपल्या व पत्नीच्या सांभाळाची अट मात्र स्पष्ट लिहावी. कारण २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचें २३ वें कलम अशी अट असलेलें बक्षीसपत्रच, सांभाळ न झाल्यास, रद्द करण्यास उपयोगी पडतें. मुलग्यांच्या नांवें सारें करून देऊन उतारवयांत स्वतःच दाराबाहेर बसलेल्या आयांची संख्या अलीकडे कांहीं थोडी नाहीं. दस्त नोंदविल्यावर ग्रामपंचायतींत नमुना ८ वर मुलीचें नांव लागलें कीं नाहीं हें पहावें, आणि घरपट्टीच्या पावत्या तिच्याच नांवें फाडून तिच्यापाशीं ठेवाव्या.